उजवा गुडघा

ताईला विश्रांती म्हणजे आळशीपणाचं गोड नाव वाटायचं. मागच्या वर्षी चारशे किलोमीटरची सायकल-फेरी शेवटच्या साठ किलोमीटरवर सोडून टेम्पोतून परतावं लागलं, तेव्हा सराव कमी पडला असं तिनं मनाशी पक्कं केलं. यंदा एकही सुट्टी नाही. पोस्टाच्या खिडकीवर बसण्याआधी रोज चाळीस किलोमीटर, रविवारी शंभर.

सायकल दोघांची होती. पुढे ताई, मागे तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, अंग दोन माणसांचं. त्याला जन्मापासून दिसत नाही. वेताच्या खुर्च्या विणणं आणि ताईची खोडी काढणं, दोन्ही कामं चोख. दोघांची पेडलं एकाच साखळीनं जोडलेली, त्यामुळे तिच्या पायांत काय चाललंय ते त्याला तळपायातून कळायचं.

गेले दहा दिवस त्याला कळत होतं, की ताईचे पाय नुसतेच फिरताहेत. जोर सगळा तोच लावत होता. सांगावं तर बाईसाहेब उसळून आणखी दहा किलोमीटर वाढवणार! आणि मग यंदाही टेम्पोच.

म्हणून फेरीला सहा दिवस उरले असताना तो खुर्चीतून उठता उठता कण्हला.

"ताई, उजवा गुडघा गेला गं. चारपाच दिवस काही खरं नाही."

"आत्ताच बरा गेला!" ती करवादली. पण स्वतःसाठी न थांबणारी ताई भावासाठी निमूट थांबली. पहिल्या दिवशी तिनं घरभर येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याच्या गुडघ्याला तेल लावायला बसली आणि तिथेच, त्याच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. बारक्या तिचा श्वास ऐकत दोन तास हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी त्याला फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी ती चक्क गुणगुणली.

फेरीत, मागच्या वर्षी जिथे टेम्पोत बसावं लागलं होतं, तो चढ आला. बारक्या सवयीनं सगळा जोर लावायला वाकला, तर पेडल त्याच्या पायाखालून आपणहून पुढे गेलं. ताई ओढत होती.

"आलीस होय!" तो मागून ओरडला.

चढ संपल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी मी तेल डाव्या गुडघ्याला लावलं. तू चकार शब्द काढला नाहीस."

बारक्या वरमला. "मग तेव्हाच का नाही पकडलंस मला?"

"झोप आली होती रे," ताई म्हणाली. "किती दिवसांनी."