शिडीवर आलेला आळ

मी एक जुनी शिडी आहे. घडीची, लाकडी, सात पायऱ्यांची. मित्रांनो, गेलं वर्षभर माझ्यावर एक आळ होता. तो नुकताच उतरला आहे, म्हणून आज जरा जास्त बोलले तर समजून घ्या.

मला एका अबोल सुताराने बनवलं. माझे चारही पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत त्याने मला तीनदा उभं केलं आणि तीनदा आडवं पाडलं. मग एका रंगाऱ्याने मला विकत घेतलं. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, अंगात दम होता. मला खांद्यावर टाकून तो तीन मजले शीळ घालत चढायचा. शाळेचे वर्ग, दवाखान्याचे बोळ, दुकानं, जिने, सगळीकडची छतं आम्ही दोघांनी रंगवली. "माझी शिडी म्हणजे भिंत आहे भिंत," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. असं ऐकलं की माझं लाकूड फुगायचं, आणि दर वेळी ते दमट हवेमुळे फुगायचं असं नाही.

त्याच्या घरात तिघीजणी. त्याची आई, कापडाच्या दुकानात काम करणारी बायको आणि मुलगी. मुलगी लहान असताना रंगात बोट बुडवून माझ्यावर ठिपके उठवायची, म्हणून तिला सगळे टिकली म्हणू लागले. मोठी झाल्यावर ती बापाबरोबर कामावर यायला लागली. भेगांत लांबीचा लगदा भरायचा, भिंत घासायची, हाताला येईल तिथपर्यंत रंगाचा पहिला हात द्यायचा, हे तिचं काम. माझ्यावर मात्र तिने चढायचं नाही, असा बापाचा दंडक.

वर्षाच्या मोठ्या सुट्टीत रंगारी स्वतःच्या घराची एक खोली रंगवतो. सामान मधोमध गोळा करून त्यावर जुनी चादर टाकली की बसायला जागा उरत नाही. मग कोणीतरी माझ्या पायरीवर टेकतं. यातूनच त्या घरात एक रीत पडली. सुट्टीत कोणाला कोणती भेट हवी, ते ज्याने त्याने माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून सांगायचं. इतरांनी हसायचं नाही, आणि पायरीवर बसलेल्याने "मला काही नको" म्हणायचं नाही. ही शेवटची अट आजीने घातली, कारण तिची सून दर वर्षी तेच म्हणायची.

गेल्या वर्षी एका जिन्याचं छत रंगवताना रंगारी माझ्या पाचव्या पायरीवर थबकला. त्याचे पाय थरथरत होते. त्याने मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि डोळे मिटले. टिकलीने खालून विचारलं, "बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. शिडी डुगडुगतेय."

इतकी वर्षं मानाने उभी राहिलेली मी, आणि माझ्याबद्दल हे बोलणं! त्यानंतर तो उठता बसता माझ्या नावाने खडे फोडू लागला. मुलीला खरं वाटावं म्हणून त्याने माझ्या एका धडधाकट पायाखाली पुठ्ठ्याची घडी चिकटपट्टीने लावली. आता तुम्हीच सांगा, चांगल्या पायाखाली पुठ्ठा घातल्यावर काय होणार? मी खरोखरच डुगडुगायला लागले. काम संपलं की मला पुसणं बंद झालं, मागच्या भिंतीशी उन्हात उभं करणं सुरू झालं.

पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचे पाय खोटं बोलत नाहीत. वर गेल्यावर त्याला गरगरतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तो एक दिवस माझ्यावरून खाली येईल आणि ते पायऱ्या उतरून नसेल, या भीतीने मी वर्ष काढलं. पण मला तोंड कुठे होतं?

या सुट्टीत दुपारी सगळे खोलीत जमले. आजी आधी आली. तिच्या तळपायाला चिकटपट्टी चिकटली म्हणून ती वाकली, पुटपुटत पुठ्ठा ओढून काढला आणि मग पायरीवर बसली. तिने ढिले पायमोजे मागितले, ज्यांचे वळ उठत नाहीत असे. सुनेने मागितलं की चार दिवस सकाळी तिला कोणी उठवू नये. मग रंगारी बसला.

"मला नवी शिडी पाहिजे. अॅल्युमिनियमची, दहा पायऱ्यांची."

बायको खूश झाली, तिने दुकानात तशी एक पाहूनही ठेवली होती. मला टाकून देणार याचं वाईट वाटलंच, नाही कशाला म्हणू? पण दहा पायऱ्या म्हणजे तो आणखी तीन पायऱ्या वरून पडणार.

शेवटी टिकली बसली. "मला या खोलीचं छत रंगवायचंय. हीच माझी भेट."

"या शिडीवरून? अजिबात नाही. ही डुगडुगते," रंगारी म्हणाला.

"अरे, मी आत्ता बसले होते की तिच्यावर," आजी म्हणाली. "माझं हे एवढं वजन. कुठे हलली ती? आणि हा पुठ्ठा कोणी लावला होता?"

टिकलीने वाट पाहिली नाही. चौथी, पाचवी, सहावी पायरी चढून ती उभी राहिली. "बाबा, ही हलत नाहीये," ती वरून म्हणाली.

ती उतरली तसा रंगारी पुन्हा तिसऱ्या पायरीवर येऊन बसला. हातावरचा वाळलेला रंग खरवडत तो म्हणाला,

"शिडी नाही हलत. वर गेलं की मलाच गरगरतं. वर्ष झालं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?" बायकोचा आवाज चिरकला.

"चढता येत नाही अशा रंगाऱ्याला कोण बोलावणार?"

"मग नवी शिडी कशाला मागितलीत?"

"वाटलं, नवीवर कदाचित नाही गरगरणार."

कोणी हसलं नाही. आजी म्हणाली, "मग आता खरं काय पाहिजे ते माग."

"मला खाली राहू द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. दुखणं कानाच्या आतलं निघालं. तिथेच माणसाचा तोल सांभाळला जातो म्हणे. औषध घ्या, मानेचे व्यायाम करा, बरं वाटेल, पण उंचावर चढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोक्यात काही नाही, हेही सांगितलं. आजी म्हणाली, "ते मला ठाऊकच होतं." त्या दिवशी त्या घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

छत टिकलीनेच रंगवलं. रंगारी खाली मला धरून उभा होता आणि सूचना देऊन देऊन त्याने पोरीला भंडावून सोडलं. कडा आधी घे, ब्रश निथळू दे, घाई करू नकोस. त्याचे हात स्थिर होते. आता गिऱ्हाईक आलं की तो सांगतो, "वरचं काम माझी मुलगी करते," आणि गिऱ्हाइकं येतच आहेत.

मित्रांनो, लाकडी शिडीला उन्हापावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेल लावा, हे मी सांगणारच. पण तुमच्या घरातलं कोणी एखाद्या वस्तूला सारखी नावं ठेवू लागलं, तर नवी वस्तू आणायला धावू नका. त्या माणसाला जवळ बसवा, काय होतंय ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.