एका निर्दोष दाढेचे गाऱ्हाणे

मी एक जुनी दाढ आहे. जुनी म्हणजे किडकी नव्हे, हे मित्रांनो, आरंभीच ध्यानात घ्या! माझ्या अंगावर डाग नाही, भेग नाही. तरीही आज मी बटणांच्या डबीत पडून आहे.

एका शिक्षिकेच्या उजव्या जबड्यात, खालच्या रांगेत माझा जन्म झाला. सव्वीस वर्षे मी इमानेइतबारे चाकरी केली. फुटाणे असोत वा कच्चा पेरू, मी कधी कुरकुर केली नाही. "बाईंचे दात कसे मोत्यासारखे!" अशी स्तुतीही मी ऐकली.

पुढे बाईंच्या कानापाशी ठणका लागला. तोंड उघडताना आत वाळू भरडल्यासारखा आवाज येई व हनुवटी एकीकडे सरके. दातांच्या डॉक्टरांनी क्षणभर डोकावून फर्मावले, "दाढ काढू."

"अहो, पण दाढ दुखत नाहीये. कानापुढं दुखतंय."

"कळ सरकते, बाई. दातांचं मला कळतं की तुम्हाला?"

आणि मला उपटले! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

ठणका तसाच राहिला. तोंड जेमतेम एक बोट उघडू लागले. बाई पातळ पेजेवर आल्या. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, तू गप्प आहेस म्हणून दादा खूश आहे हं!" बाई हसायला गेल्या आणि कळ येऊन रडल्या. मुख्याध्यापिकांनी तर बजावले, "पुढच्या सत्रापर्यंत बोलता आलं नाही, तर तुमचा वर्ग दुसऱ्यांना द्यावा लागेल." मुलांना मोठ्याने धडा वाचून दाखवणे हाच ज्यांचा प्राण, त्यांनी काय करावे?

अखेर नणंदेने त्यांना जबड्याच्या शल्यविशारदांकडे नेले. बाईंनी मलाही डबीतून सोबत घेतले. त्या डॉक्टरांनी कानांपुढे बोटे ठेवून जबडा हलवून पाहिला. मग मला उजेडात धरून विचारले, "ही काढल्यावर दुखणं थांबलं?"

"एक दिवससुद्धा नाही."

"मग हिचा गुन्हा काय होता?"

मित्रांनो, माझ्या बाजूने विचारलेला हा पहिला प्रश्न! आधी काढलेल्या साध्या एक्स-रेत काही दिसले नाही, म्हणून त्यांनी एमआरआय काढवला. जबड्याच्या सांध्याच्या पिशवीत कूर्चेचे बारीक खडे साचले होते. "हे सहसा गुडघ्यात होतं. जबड्यात फार क्वचित. कर्करोग नाही, पण खडे काढावेच लागतील," ते म्हणाले.

कानापुढे छेद घेऊन, चेहऱ्याची नस जपत, त्यांनी त्रेचाळीस खडे काढले आणि खडे निपजवणारे अस्तरही सोलून काढले. ते अपराधी खडे काचेच्या बाटलीत मांडले गेले! शिकाऊ डॉक्टर येऊन पाहत आणि "वा! वा!" करीत. निरपराध मी मात्र पुन्हा बटणांत. हा कुठला न्याय?

महिनाभर जबड्याचा व्यायाम केल्यावर बाईंचे तोंड तीन बोटे उघडले. सत्राच्या पहिल्या दिवशी त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा अख्खा धडा वाचला. मला आनंद झाला, खोटे का बोलू? पण त्या खळखळून हसल्या की उजवीकडे एक खिंडार दिसते. ती माझी जागा आहे. माझी मुळे वाळली. आता मला तेथे कोणीही परत बसवू शकत नाही.

म्हणून, मित्रांनो, दुखते कोठे ते नीट बोट ठेवून सांगा; आणि त्या बोटाकडे न पाहता जो चिमटा उचलेल, त्याच्यापुढे तोंड उघडू नका.