आंबलेली बाहुली

नेरिडाने बाहुलीच्या पाठीवरची दोन बटणे काढली, झगा कमरेपर्यंत खाली सरकवला आणि उघड्या पाठीला नाक टेकवून डोळे मिटले. खोलीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी उचललेला कप तसाच हातात धरून ठेवला.

दर वेळी असेच व्हायचे. लॉन्सेस्टनमधल्या बाहुल्या जमवणाऱ्या बायकांच्या या छोट्या मंडळात कुणालाही जुनी बाहुली मिळाली की ती आधी नेरिडाच्या नाकाखालून जाई आणि मगच कपाटात बसे. जुन्या प्लास्टिकला एक रोग असतो. ते आतल्या आत आंबते, त्यातून व्हिनेगरसारखी वाफ सुटते, आणि बंद कपाटात ती वाफ शेजारच्या बाहुलीला धरते, मग तिच्या शेजारच्या. झगे कुजतात, टाचण्या गंजतात, गालांना चिकट घाम सुटतो. डोळ्यांना हे दिसेपर्यंत निम्मे कपाट गेलेले असते. नाकाला मात्र फार आधी कळते.

नेरिडाने श्वास घेतला. हवा थंड होती. वास म्हणून तिच्यात काहीच नव्हते.

"बोल की बाई," ग्लेनिस म्हणाली. "छातीत धडधडतंय माझ्या."

"धडधडायला काय झालं?" हॅनेके खिडकीपाशी शिवत बसली होती, तिथूनच म्हणाली. "इतकी वर्षं आमच्या बाहुल्यांना ताडमाड म्हणून नावं ठेवलीस. आता एक आवडली तर जीव टांगणीला?"

"ताडमाडच आहेत. ही पास झाली की तुझ्याच कपाटात ठेवणार आहे मी. माझ्या घरांत उभी राहिली तर घर डोक्यावर घेईल, खरोखरचं."

सगळ्या हसल्या. ग्लेनिसची बाहुलीघरे खऱ्या घराच्या बाराव्या हिश्शाची होती, त्यांतले दिवे वाटाण्याएवढे आणि ताटातले पाव नखाएवढे. नेरिडा आणि हॅनेके यांच्या फॅशनच्या बाहुल्या त्या मापाच्या दुप्पट उंच. त्या दोघींना घरांचे वेड नव्हतेच. त्या रंगमंच बनवत. गावची संगीतनाटक मंडळी दर हिवाळ्यात जे नाटक बसवी, त्यातला एक प्रवेश दोघी टेबलावर उभा करत: पडदे, पायऱ्या, दिवे, आणि नाटकातल्याच कपड्यांत उभ्या बाहुल्या. कोरसमधली प्रत्येक बाई आपली बाहुली शोधायला नाट्यगृहाच्या दालनात येई. नेरिडा स्वतः कोरसमध्ये होती, तिशीपासून. कपडेपट हॅनेकेकडे होता.

हसू ओसरले आणि सगळ्या पुन्हा नेरिडाकडे बघू लागल्या.

नेरिडाने डोळे उघडून बाहुली उजेडात धरली. मानेशी पुसटशी चकाकी होती, घामाची असेल किंवा नुसत्या तेलाची. झग्याच्या आतली टाचणी तपकिरी पडली होती. पण टाचण्या काय, कशानेही गंजतात.

"दोन दिवस माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली.

"दोन दिवस? तू तर एका श्वासात सांगायचीस!"

"सर्दी आहे गं. घाईने सांगितलं आणि चुकलं तर हॅनेकेचं कपाट जाईल."

हॅनेकेने दाताने दोरा तोडला.

घरी जाताना नदीवर धुके उतरले होते आणि टेकडीवरच्या घराघरांतून लाकडाचा धूर निघून त्यात मिसळत होता. या दिवसांत सगळे खोरे धुराने भरून जाते. लोक कुरकुरतात, कपडे वाळत घालत नाहीत. नेरिडाने गाडीची काच खाली केली. धूर रस्त्याच्या दिव्याभोवती घोटाळताना तिला दिसत होता. तिने काच पुन्हा वर केली.

स्वयंपाकघरात तिने कोट न काढताच कॉफीचा डबा उघडला. मग निलगिरीच्या तेलाची बाटली. तेलाने नाकात गारवा भरला, पण तो नुसता गारवा होता. व्हिनेगर झोंबले, डोळ्यांत पाणी आले. आंबटपणा मात्र कुठेच नव्हता. झोंबणे ही कातडीची जाणीव, वास ही वेगळी. तिने बाटल्या जागच्या जागी ठेवल्या. गेल्या काही आठवड्यांत हे तिने इतक्यांदा केले होते की बाटल्यांचा क्रम ठरून गेला होता.

तिच्या आईने एका उन्हाळ्यात म्हटले होते, "हल्लीच्या गुलाबांना वासच नाही." सगळ्यांना ते पटले होते. नर्सरीवाले आता नुसते रंग बघतात, असे वडीलही म्हणाले होते. त्यानंतर आईकडून लापशी करपू लागली आणि तिला त्याचा पत्ता नसायचा. हात कापायला लागले ते पुष्कळ वर्षांनी. कंपवात, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि जाता जाता असेही की या आजारात नाक कधीकधी हातांच्या कितीतरी आधी जाते. आईला शेवटी घासही गिळता येत नव्हता. चेहरा थिजला होता. नेरिडा आवडती गाणी लावायची तेव्हा फक्त डोळे हलत.

नाक सर्दीनेही जाते. तापानेही जाते, म्हातारपणानेही. नेरिडाला हे सगळे ठाऊक होते आणि डॉक्टरकडे जाऊन विचारले तर ते काय ते सांगतील, हेही ठाऊक होते. म्हणून ती गेली नव्हती.

त्याऐवजी ती रोज सकाळी दोन्ही हात समोर धरी आणि एकेका हाताच्या पाठीवर बाहुल्यांच्या सेटमधली चिनी मातीची बशी व तिच्यावर कप ठेवी. कप नखाएवढा होता. जरासा कंप असता तरी तो बशीत किणकिणला असता. उजव्या हातावर तो गप्प राही आणि डाव्यावरही. मग ती तालमीतले गाणे मोठ्याने म्हणून बघे, वरच्या सुरापर्यंत. आवाज शाबूत होता. तेवढ्यावर दिवस निघे.

ग्लेनिसची बाहुली तिने काचेच्या बरणीत ठेवली आणि सोबत निळ्या कागदाची एक पट्टी टाकली. संग्रहालयवाले जुन्या फिल्म तपासायला वापरतात त्या पट्ट्या तिने गुपचूप मागवल्या होत्या. आम्ल असेल तर निळा रंग हिरवा होतो, फार असेल तर पिवळा. तिसऱ्या दिवशी बरणीतली पट्टी लिंबासारखी पिवळी झाली होती.

नेरिडाने झाकण काढून बरणीत तोंड घातले. डोळे चुरचुरले. वास नव्हता.

"आंबलीय," तिने ग्लेनिसला फोनवर सांगितले. "पार आंबलीय. कपाटात ठेवू नकोस, मोकळ्या हवेत ठेव."

"अरे देवा! बरं झालं तुला दाखवली. तुझं ते नाक म्हणजे विमा उतरवायच्या लायकीचं आहे बघ."

फोन ठेवल्यावर नेरिडा खुर्चीत बसली. ही पट्टी नसती तर? आणि एप्रिलमध्ये तर पट्ट्या नव्हत्याच. एप्रिलमध्ये हॅनेकेने एका लिलावातून लाल केसांच्या तीन बाहुल्या आणल्या होत्या आणि नेरिडाने एकेकीची पाठ हुंगून म्हटले होते, "स्वच्छ." तेव्हा नाक होते का? गंध जातो तेव्हा सांगून जात नाही. दिवा विझला की अंधार दिसतो. इथे तसे काही दिसत नाही. त्या तिघी तेव्हापासून हॅनेकेच्या बंद कपाटात उभ्या होत्या, अर्ध्या आयुष्याच्या संग्रहाच्या मधोमध.

तिने पट्ट्यांचे पाकीट कोटाच्या खिशात टाकले आणि पोशाख अंगाला बेतून घ्यायचे निमित्त काढून ती हॅनेकेकडे गेली.

हॅनेकेच्या शिवणाच्या खोलीत तबकडी लावलेली होती. बाजाराच्या प्रवेशातले संगीत, तालमीसाठी पियानोवर वाजवलेले. यंदाचे नाटक एका बंदरावरच्या कोळिणींचे होते.

"घे, घागरा चढव," हॅनेके म्हणाली. "मी कॉफी टाकते. बिस्किटं खाणार आहेस की कोरसच्या बायकांसारखी उपाशी मरणार आहेस?"

"दे दोन."

"चार देते. घेर सैल ठेवलाय."

ती आत गेली. नेरिडाने घाईने घागरा चढवला, कपाटाचे दार उघडले आणि लाल केसांच्या पहिल्या बाहुलीच्या झग्याखाली पट्टी सरकवली. मग दुसरीच्या. तिसरीच्या झग्याखाली तिचा हात असतानाच मागे टेबलावर कप ठेवल्याचा आवाज झाला.

"या पट्ट्या कुठून मागवल्यास?" हॅनेकेने विचारले.

"कुठल्या पट्ट्या?"

"निळं टोक बाहेर आलंय बघ. म्हातारी झाले असेन मी, आंधळी नाही झाले."

नेरिडाने हात बाहेर काढला. हातातले पाकीट कुठे ठेवावे ते तिला कळेना.

"सर्दीच जात नाहीये गं. एप्रिलपासून. म्हटलं एकदा नीट बघावं, या तिघी मीच पास केल्यात."

"हं."

"नाक चोंदलं की माणूस चुकतो."

"राहू दे तिथंच. रंग बदलला तर बदलला. बाहुल्या आहेत, माझी लेकरं नाहीत." हॅनेकेने तिच्यापुढे कप सारला. "गरम आहे तोवर पी."

नेरिडाने एक घोट घेतला. कडू आणि गरम. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती ते असे एका 'हं'वर निभावले होते. नेरिडाने दुसरा घोट घेतला आणि बिस्किटही उचलले.

"आता ही अडकव हातात," हॅनेकेने एक वेताची टोपली पुढे केली. "डाव्या. बाहीची लांबी बघायचीय."

"टोपली? कशाला? त्या गाण्यात तर आपण हात उडवत चालत येतो."

"आता नाही. सगळ्या कोळिणींना टोपल्या. कीरनला पटवलंय मी."

कीरन म्हणजे नृत्य बसवणारा तरुण. तो स्वतःच्या आईचेही ऐकत नसे, असे कोरसमध्ये बोलले जाई.

"त्याने ऐकलं?"

"म्हटलं, बाजाराला निघालेली बाई हात हलवत जाते होय रे? तुझी आजी जायची का? गप्प बसला."

नेरिडा हसली. तिने टेबलाकडे पाहिले. तिथे यंदाचा छोटा रंगमंच उभा होता, धक्का, दोर, पिंपे सगळे. कोळिणी एका रांगेत पायऱ्या उतरत होत्या आणि प्रत्येकीच्या डाव्या हातात दोऱ्याने विणलेली अक्रोडाएवढी टोपली होती. विणकाम बारीक होते. एका दिवसाचे नव्हते, आठवड्याचेही नव्हते.

"हे तू केव्हाच केलंयस."

"वेळ लागतो त्याला."

"पण सगळ्यांच्या डाव्याच हातात का?"

हॅनेकेच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून उशीत खोचल्या.

"तुझा डावा हात हलत नाही, नेरिडा."

"हलतो की!" नेरिडाने तो वर उचलला, बोटे उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "हे बघ. कापतसुद्धा नाही. रोज बघते मी."

"कापतो असं म्हटलंच नाही मी. चालताना. उजवा पुढेमागे जातो. डावा नुसता लोंबतो."

तबकडीवरचे गाणे संपून तिची सुई शेवटच्या खाचेत घासत राहिली होती. ती उचलायला कुणी उठले नाही.

नेरिडाने टोपली टेबलावर ठेवली. ती दारापर्यंत चालत गेली, नेहमीसारखी, मुद्दाम काही न करता. कपाटाच्या काचेत तिच्या बाजूने घागरा घातलेली एक बाई चालत होती, डावा हात नुसता लोंबत. नेरिडाने दाराजवळ पोहोचेपर्यंत तिच्याकडे पाहिले आणि मग तिथेच उभी राहिली, हॅनेकेकडे पाठ करून. आईच्या वेळी डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरात कुणालाच देता आले नव्हते.

"केव्हापासून?" तिने विचारले.

हॅनेकेने शिवणाची सुई उचलली आणि दोरा ओवल्याशिवायच हातात धरून ठेवली.

"गेल्या वर्षी वाळवंटातलं नाटक होतं," ती म्हणाली. "स्टेशनच्या गाण्यात मी सगळ्या बायकांच्या डाव्या हातात छत्र्या दिल्या होत्या. ग्लेनिस हसली होती, वाळवंटात कसल्या छत्र्या म्हणून. आठवतं?"

नेरिडाला आठवत होते. ग्लेनिसपेक्षा मोठ्याने ती स्वतःच हसली होती.