पियानोच्या पोटात

खरेदीसाहेबांना आयुष्यात कधी कुणी फसवू शकलं नाही. तो मान त्यांनी स्वतःसाठीच राखून ठेवला होता. कारखान्याच्या खरेदी खात्यात जन्म गेला, तिथेच हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतर घरीही चिकटून आलं. माणूस वाईट नव्हता हो! पण भाव पाडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. डॉक्टरलासुद्धा विचारायचे, "गोळी अर्धीच घेतली तर चालेल का?"

आता दोघांनी समुद्रापलीकडे, मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे साहेबांनी ठरवलं. त्यांची बायको पियानो शिकवायची. तिने एकच अट घातली.

"माझा पियानो येणार असेल तर मी येते. तो नसेल तर तिथे दिवसभर काय भिंतींशी बोलू? मग मी आपली इथेच बहिणीकडे राहीन, तुम्ही जा."

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, इथे दुसरा घेऊ ना."

"नवरा दुसरा घे म्हणालास तर विचार करते," ती म्हणाली. "पियानो नाही."

साहेब कामाला लागले. विमानाचा भाव ऐकून त्यांनी फोन असा ठेवला की जणू पलीकडच्याने शिवी दिली होती. फक्त पियानोच पाठवणारी एक कंपनी होती. तिथला माणूस गोड बोलला, म्हणून साहेबांना तोही चोर वाटला. शेवटी दहा जणांचं सामान एकाच कंटेनरमध्ये भरून जहाजाने पाठवणारा एक दलाल सापडला. तो म्हणाला, "आम्ही जागेचे पैसे घेतो, वजनाचे नाही."

झालं! साहेबांचे डोळे लकाकले. वजन फुकट? आणि पियानोच्या आत केवढी तरी पोकळी. आपल्या पैशांनी समुद्रापार काय हवा पाठवायची?

बायको विद्यार्थ्यांचा निरोप घ्यायला गेली तेवढ्यात साहेबांनी स्वतः स्क्रू काढून पियानोची खालची फळी उघडली. तिथे कुकर गेला, मिक्सर गेला, तवे गेले, इस्त्री गेली. मग वरचं झाकण उचललं. आत लोकर लावलेल्या छोट्या छोट्या लाकडी हातोड्यांची रांग होती. "वा, गादी आयतीच आहे की!" म्हणत साहेबांनी त्यांच्यावर टॉवेलात गुंडाळलेले काचेचे कप रचले आणि कप हलू नयेत म्हणून वरून दोन जाडजूड शब्दकोश दाबून बसवले.

पियानोभोवती लाकडी पेटी ठोकायला आलेला माणूस जरा घुटमळला. "साहेब, हा अजून वाजवायचाय ना?"

"तू खिळे मार," साहेब म्हणाले.

बायको घरी आली तेव्हा पेटी बंद झाली होती. "नीट बांधलाय ना?" तिने विचारलं.

"नीट? अगं, आत तसूभर हलायला जागा नाही!" खोटं काही बोलले नाहीत बिचारे.

जहाज आपल्या गतीने गेलं, डोललं, आपटलं आणि एकदाचा पियानो मुलाच्या दिवाणखान्यात उभा राहिला. बायको केस सारखे करून, हात पुसून समोर बसली. सूनबाईने फोनवर व्हिडिओ सुरू केला. बायकोने पहिली पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली, आत कशावर तरी काहीतरी खडखडलं. डावा हात खाली नेला तर कुकरचं झाकण वाजलं.

मुलाने फळी उघडली आणि कपाळाला हात लावला. जाड तारा तुटून कुकरभोवती गुंडाळल्या होत्या, मागच्या लाकडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. वर हातोड्यांचा पार भुगा. साहेब मात्र पुढे झाले, एकेक कप काढून टेबलावर मांडू लागले.

"बघा! सगळे अख्खे! एकाचा कान तुटला असेल तर शपथ!"

सूनबाईने व्हिडिओ बंद केला.

दुरुस्तीवाला येऊन, पाहून, मान हलवून गेला. बायको रडली, अगदी मोठ्याने, मुलासमोर, सुनेसमोर. मग तोंड धुऊन आली आणि मुलाला म्हणाली, "माझं परतीचं तिकीट काढ. मावशीला कळवलंय मी."

आता साहेबांची पाचावर धारण बसली. "अगं, असं काय करतेस? पियानो यायला हवा एवढीच तुझी अट होती. आला की नाही? हा काय समोर उभा आहे!"

"आला ना," ती म्हणाली. "तसे तुम्हीही आलात. इतकी वर्षं माझ्या घरात रोज येतच होतात."

"म्हणजे?"

"मी रोज वाजवत होते. आत काय असतं, ते एकदा तरी विचारलंत?"

साहेबांनी वाकून पियानोच्या आत पाहिलं. बायको बॅग भरायला आत गेली, आणि मुलगा फोन घेऊन तिकीट बघू लागला.

"एकच बघू ना, बाबा?" त्याने विचारलं.