जडावलेल्या पापण्या

गंधालीच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी तिच्या वडिलांना, मधुकररावांना, डोळे उघडवेनात. बोरिवलीचं त्यांचं घर तळमजल्यावर, मागे नॅशनल पार्कची भिंत. पाहुण्यांना पलंग देऊन ते मागच्या व्हरांड्यात चटईवर झोपले होते. गंधाली उठवायला गेली, तर पोट दुखतंय म्हणाले, तेही नाकात, जीभ अडखळत.

गंधालीला हे ध्यान पाठ होतं. आईने जन्मभर ज्यावर पांघरूण घातलं, तेच. आई गेल्यापासून बाबा दारूला शिवले नव्हते, आणि आज, घरात भटजी आलेले असताना? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, आजच्या दिवशी तरी नको होतं," ती दारातूनच म्हणाली.

ते काहीतरी सांगू पाहत होते. तिने ऐकून घेतलं नाही. आतल्या खोलीत निजवून दार ओढून घेतलं आणि बाहेर सांगितलं, रात्री झोप झाली नाही त्यांना. रुक्मिणीआत्या समजायचं ते समजली. "वहिनी सुटली गं," म्हणाली, "तू अडकलीस."

भटजींनी बाबांना संकल्पाला बोलावलं म्हणून ती आत गेली, तेव्हा बाबांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि छाती जेमतेम हलत होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी व्यसनाचं विचारलं. "पितात," गंधाली हळूच म्हणाली. बाई त्यांच्या तोंडापाशी वाकल्या. "वास तर नाही. जमिनीवर झोपले होते का?"

मण्यार चावली होती. सूज नाही, खूण नाही. झोपेत चावली तर कळतही नाही, बाईंनी सांगितलं. आधी पापण्या पडतात, मग जीभ, मग श्वास.

"शुद्ध कधी गेली त्यांची?" गंधालीने विचारलं.

"शुद्ध गेलेलीच नाही. ऐकू येतंय त्यांना सगळं. सकाळीही येत असणार."

विषावरची इंजेक्शनं दिली, श्वासाला यंत्र लावलं. पुढे छातीत कफ साठला, यंत्र काढता येईना, तेव्हा सर्जननी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. गंधाली भेटायला गेली त्या दिवशी बाई तपासत होत्या. "बोला ना त्यांच्याशी," म्हणत त्यांनी अंगठ्याने बाबांची पापणी वर केली.

बुबुळ हलत नव्हतं. नेमकं गंधालीवर रोखलेलं होतं.

ती एक पाऊल बाजूला सरकली. तिथवर ती नजर वळू शकत नव्हती. बाईंनी पापणी सोडल्यावर ती पलंगाजवळ आली, आणि मग तिने बाबांचा हात हातात घेतला.