दोनशे मीटरची रेघ

बारा वर्षं सायकलच्या शर्यती करून माझे भावोजी एकदाही पहिले आले नाहीत, असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अरे बाबांनो, पहिलं यायला त्यांना ठेवलंच कुठे होतं? गवंड्याला कुणी विचारतं का, की एवढी घरं बांधलीस, मग राहायला का नाही गेलास?

आमच्या संघात आठ जण. एक जिंकणारा, बाकीचे सात त्याला जिंकवणारे. जिंकणारा तो राजे. खरं नाव वेगळं, पण सगळे राजेच म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. मीही राजे म्हणायचो, पण एकेरीत. सातांतले दोघे चढावर त्याच्यापुढे राहायचे, काही जण सपाटीवर, आणि भावोजी पाणी आणायचे. मागे आमच्या गाडीपाशी यायचं, जर्सीत पाठीपोटाशी बाटल्या कोंबायच्या आणि घोळक्यातून वाट काढत पुढे जाऊन सगळ्यांना वाटायच्या. म्हणून संघात त्यांचं नाव पखाल. त्या गाडीत मागच्या सीटवर जास्तीची चाकं सांभाळत बसलेला मेकॅनिक म्हणजे मी. भावोजींनीच मला तिथे चिकटवलं होतं. खिडकीतून बाटल्या देताना मी म्हणायचो, "भावोजी, एक नळच घ्या ना बसवून राजेच्या सायकलला." ते म्हणायचे, "मग तुझ्या बहिणीला काय सांगू, नोकरी गेली म्हणून?" आणि पुन्हा पायडल मारत निघून जायचे.

पण पाणी हे वरवरचं काम. त्यांचं खरं काम शेवटच्या किलोमीटरला सुरू व्हायचं. सायकलवाल्याचा खरा वैरी म्हणजे वारा. जो पुढे असतो तो वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला आरामात येतो. शेवटी भावोजी पुढे लागायचे आणि राजे त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून यायचा. जीव खाऊन ओढायचं, आणि शेवट दोनशे मीटरवर आला की बाजूला व्हायचं. मग ताजातवाना राजे बाहेर पडायचा आणि जिंकायचा.

हे सगळं बसवलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमचे व्यवस्थापक, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. संघ काढला होता एका गादीवाल्याने. दिवसभर गाद्यांवर बसून अंगाला गंज चढतो म्हणून त्याला हा नाद लागला, आणि दुकानाचं नाव छातीवर लिहून त्याने चार पोरं शर्यतीला धाडली. तो थकल्यावर संघ रंगाच्या कंपनीकडे गेला, मग कुलपांच्या, शेवटी पंख्यांच्या. जर्सी बदलायची, नाव बदलायचं, संघाच्या बसवरची चित्रं खरवडून नवी लागायची. बदलली नाही ती मास्तरांची रेघ. त्या गादीवाल्याच्या कारखान्यामागे एक सरळ, ओसाड रस्ता होता. त्याच्या टोकापासून दोनशे मीटरवर मास्तरांनी चुन्याची रेघ मारली होती, आणि पावसाने पुसली की ते स्वतः डबा घेऊन जायचे. रोज संध्याकाळी तोच सराव. मान खाली घालून जोरात यायचं, चाकाखाली रेघ दिसली की डावीकडे.

"इथे डोकं चालवायचं नाही," मास्तर ओरडायचे. "मागचा तुझ्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो. तू क्षणभर विचार केलास की दोघेही तोंडावर आपटलात! रेघ म्हणजे डावीकडे. बस्स."

बाकीच्यांना ते शिकावं लागलं, भावोजींच्या अंगवळणीच पडलं. घरी फरशीवर खडूची रेघ दिसली तरी हा माणूस डावीकडे वळेल, असं मी ताईला म्हणायचो. बाजूला झाल्यावर ते पाय सोडायचे, मान वर करायचे आणि राजेकडे बघायचे. तो पोचला की हे मागच्या मागे दोन्ही हात वर करायचे. वर्तमानपत्रातल्या फोटोत पुढे राजे दात काढून, आणि मागे पुसट, हात वर केलेले भावोजी. तसले फोटो घरात ओळीने लावले होते. ताई त्यांच्यावरची धूळ झटकायची, पण फोटोंकडे बघायची नाही.

कारण ताईचा हट्ट. नवीन लग्न झाल्यावर ती एकदाच शर्यत बघायला आली होती, चांगली नटूनथटून. भावोजी कधी आले ते तिला कळलंच नाही. आल्यावर त्यांनी आधी राजेला जॅकेट चढवलं, त्याचं तोंड पुसलं, त्याला पाणी दिलं आणि मग हिच्याकडे आले. ताई म्हणाली, "अहो, लग्न माझ्याशी झालंय की त्यांच्याशी?" हसत म्हणाली, पण ते तिच्या मनाला लागलं होतं. "आता तुम्ही पहिले याल तेव्हाच बोलवा मला." दर वर्षी पहिल्या शर्यतीच्या आधी भावोजी विचारायचे, "येतेस का?" ती विचारायची, "पहिले येताय का?" आधी त्यात गंमत होती. पुढेपुढे दोघंही नुसतं बोलायचं म्हणून बोलायचे, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मग पंखेवाल्यांनी हात वर केले. संघ चालवायला दुसरा कुणी मिळेना, आणि भावोजींच्या वयाच्या माणसाला दुसरा संघ कोण घेणार? शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही हॉटेलात जेवत होतो. राजेने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्या पखाल जिंकणार. मी ओढणार."

राजेने जन्मात कधी कुणासाठी वारा कापला नव्हता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चालेल," ते म्हणाले. भावोजींचे कान लाल झाले. "कशाला उगाच? मला कुठे सवय आहे?" असं काहीतरी पुटपुटत ते भात चिवडत बसले. राजेबद्दल माझ्या मनात कधी चांगला शब्द आला नव्हता, तो त्या टेबलावर आला.

मी हात धुवायला बाहेर गेलो तर भावोजी जिन्याजवळ फोनवर बोलत होते. "उद्या येतेस?" पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला असणार. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हो. म्हणजे, येईन गं बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाडीत दुसऱ्या मेकॅनिकला बसवलं. "तू बहिणीजवळ थांब," ते मला म्हणाले. "तिला काही कळायचं नाही, समजावून सांग." ताई पहाटेच्या गाडीने आली होती. आम्ही अंतिम रेषेपाशी कठड्याला धरून उभे होतो, समोर मोठा पडदा. ताईने मला हजार प्रश्न विचारले. हे मागे का? ते खाताहेत का? तो माणूस यांच्या अंगावर का येतोय? शेवटी मीच वैतागलो.

"ताई, गप बस ना जरा!"

"एवढ्या वर्षांनी आलेय, विचारू नको तर काय करू?"

मग शेवटच्या चढावर तिघे सुटले. राजे, भावोजी आणि दुसऱ्या संघाचा एक हिरव्या जर्सीवाला. बाकीचा घोळका पार मागे. एक किलोमीटर उरला तेव्हा राजे पुढे लागला, त्याच्यामागे भावोजी. उलटं चित्र! बारा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. राजेचं तोंड वाकडं झालं होतं, सवय नव्हती ना वाऱ्याची. पण ओढत होता गडी, खरंच ओढत होता.

"हे मागे का?" ताई.

"आज मागे राहायचं. आज ते जिंकायचेत."

तेवढ्यात हिरवा सुटला. राजेच्या पायात काही उरलं नव्हतं. पण भावोजी उठले, राजेला ओलांडून पुढे झाले आणि हिरव्याच्या मागे लागले. त्यांच्या चाकाला धरून राजे कसाबसा आला, नेहमीच्या जागी. भावोजींनी हिरव्याला गाठलं, मागे टाकलं. आता सगळ्यात पुढे भावोजी, मान खाली, रस्ता मोकळा. बापरे, काय वेग होता! ताई माझं मनगट आवळत होती. मी ओरडत होतो, ती ओरडत होती, शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, "पुढचे ते आमचे! पुढचे ते आमचे!"

समोर दोनशे मीटरची पाटी होती. पाटीखाली रस्त्यावर पांढरी रेघ.

भावोजी डावीकडे झाले.

अगदी सफाईने झाले हो. कारखान्यामागच्या रस्त्यावर व्हायचे तसे. खांदा जरासा झुकला, सायकल डावीकडे सरकली, पाय सुटले. आणि राजे त्या फटीतून गोळीसारखा बाहेर पडला. तो नंतर मला म्हणाला, "समोर रस्ता मोकळा दिसला आणि पाय थांबलेच नाहीत. कळलं तेव्हा मी रेषेवर होतो." त्याला शिव्या घालायला माझी जीभ वळवळत होती, पण शिवी तरी कशाबद्दल घालू? त्याच्याही अंगात तेच मुरलं होतं. राजेने हात वर केले नाहीत. रेषा ओलांडून त्याने सायकल थांबवली आणि हँडलवर डोकं टेकलं. त्याच्यामागून हिरवा आला.

आणि मग भावोजी. मान वर, तोंडभर हसू, दोन्ही हात हवेत.

ताईनेही दोन्ही हात वर केले. "जिंकले! अरे, जिंकले ना!" ती मला गदागदा हलवत होती. लाउडस्पीकरवर राजेचं नाव पुकारलं, एकदा, दोनदा. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिचे हात हळूहळू खाली आले. तिने परत काही विचारलं नाही. दिवसभरात पहिल्यांदाच ती गप्प झाली, आणि मला वाटलं, हिने विचारावं, काहीही विचारावं.

भावोजी सायकल वळवून सरळ कठड्यापाशी आले. त्या दिवशी ते राजेकडे आधी गेले नाहीत, एवढं मात्र खरं. घामाने निथळत होते, धाप लागली होती, आणि चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

"पाहिलंस?" ते ताईला म्हणाले. "पाहिलंस ना? जिंकलो आपण!"

मी दुसरीकडे बघायला लागलो. मास्तर गाडीतून उतरून आमच्याकडे येत होते, पण अर्ध्या वाटेत थबकले आणि तिथेच रस्त्याकडे बघत उभे राहिले. आजही मला वाटतं, त्या क्षणी कुणीतरी माणसं, लाउडस्पीकर, सगळं बंद करायला हवं होतं. त्या माणसाला तसंच, हसत, घरी न्यायला हवं होतं.

"हो," ताई म्हणाली. "पाहिलं. पहिल्यापासून पाहिलं." तिने कठड्यावरून हात काढून रुमालाने त्यांचं कपाळ पुसलं, गाल पुसले. भावोजी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून मागे रस्त्याकडे पाहिलं, पाटीकडे, तिच्याखालच्या रेघेकडे. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "आज माझा नंबर होता ना?"

ताईने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं आणि त्यांच्या ओठांना लावली. "प्या," ती म्हणाली. "आधी तुम्ही प्या."