अमेरिकेच्या धर्तीवर एक बैलगाडी

आमच्या घरात अमेरिका आली ती कुर्डूवाडीच्या एस.टी.नं. सोलापूरचा पेपर त्या गाडीनं परंड्याला यायचा, तोही दुपार कलल्यावर, आणि आमचे हे तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, जणू मला वाचताच येत नाही. मी सातवी पास आहे. पण बायकोला जग समजावून सांगायची त्यांना भारी हौस, आणि ती मी कधी मोडली नाही.

लोक त्यांना आण्णासाहेब म्हणतात. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहायला हरकत नसावी. बैलगाडी कारागीर सोसायटीचे ते चेअरमन होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव फिरून त्यांनी सुतार-लोहार गोळा केले होते. बलुत्यावर कुठवर जगणार, सगळे मिळून एक कारखाना काढू, तुम्हीच त्याचे मालक, असं सांगून आणले. माणसं गावातली आपापली कामाची जागा, सुतारमेटं मोडून आली. गुंडाप्पा मिस्त्री तर नळदुर्गाकडून बायकापोरांसकट आला आणि सोसायटीच्या शेडच्या मागच्या खोलीत राहिला.

मालक सगळे, पण गाडी मात्र आण्णासाहेबांच्या मनासारखीच व्हायची. म्हणजे मोठी. चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, साटा एवढा रुंद की त्यात अर्धं वऱ्हाड बसावं, बाजूच्या पट्ट्यांना पितळी फुलं. अशी गाडी उभी असली की झकास दिसायची. चालली की बैलांना विचारावं.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यानं दगा दिला आणि कडबा सोन्याचा झाला. लोकांनी जोडीतला एक बैल विकला, कुणी दोन्ही सरकारी चारा छावणीत नेऊन बांधले. एक बैल उरलेली माणसं सोसायटीत यायची आणि छकडा करून द्या म्हणायची. एका बैलाची, हलकी, छोटी गाडी. आण्णासाहेब त्यांना चहा पाजायचे आणि परत पाठवायचे.

"छकड्यात बसवून पोरगी सासरी धाडताव व्हय?" असं वर विचारायचे. त्या वर्षी कुणाची पोरगी सासरी चालली होती, ते त्यांनाच माहीत.

शेडपुढं नऊ गाड्या न विकता उभ्या राहिल्या. त्यातल्या दोन गाड्यांत माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या. सोसायटीचं तेवढंच उत्पादन चालू होतं.

मग तालुक्याच्या सहकार खात्याचा निरोप आला. साहेब पाहणीला येणार, सोसायटी चालण्यासारखी दिसली नाही तर कुलूप लागणार. त्या संध्याकाळी गुंडाप्पा आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"आण्णा, कुलूप लागलं तर म्या कुठं जाऊ? गावाकडं माज्या मेटात आता दुसरा सुतार बसलाय."

"म्या हाय न्हवं," आण्णासाहेब म्हणाले. पण त्या रात्री ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठले. मी पुष्कळ थट्टा करते त्यांची, पण ती अर्धी भाकरी मी मुकाट्यानं झाकून ठेवली. त्यांना गाड्यांची नव्हे, गुंडाप्पाला दिलेल्या शब्दाची काळजी लागली होती.

आणि दुसऱ्याच दिवशी पेपरातून अमेरिका आली.

"हे आईक," ते ओट्यावरून गरजले. "अमेरिकेतली मोटारीची एक लई मोठी कंपनी बुडाया लागली व्हती. सरकारनं तिच्या कर्जाची हमी घेतली. तिथलं सरकार मोटारीच्या मागं उभं ऱ्हातंय, आन् आपलं सरकार बैलगाडीच्या मागं उभं ऱ्हायला का लाजतंय?"

"बैलगाडीच्या मागं उभं राहून मिळतंय काय? फुफाटा," मी म्हटलं.

मी पेपर ओढून घेतला आणि खालचा मजकूर वाचला. त्यात लिहिलं होतं की त्या कंपनीच्या मोटारी अवजड, तेल पिणाऱ्या. तेल महागलं तसे लोक जपानच्या छोट्या मोटारी घ्यायला लागले. कंपनीला मोठ्या मोटारींचाच नाद, आणि त्या तशाच अंगणात उभ्या राहिल्या. हे सगळं मी सावकाश, मोठ्यानं वाचलं, अगदी त्यांच्यासारखं.

"हे कुणाबद्दल लिहिलंय म्हणायचं?" मी विचारलं.

"ते खाली छापलंय," आण्णासाहेब म्हणाले. "महत्त्वाचं आसतंय ते वर छापत्यात."

सोसायटीची बैठक झाली आणि एकमतानं ठराव झाला, की अमेरिकेच्या धर्तीवर शासनानं या संस्थेची हमी घ्यावी. एका लोहारानं तेवढं विचारलं, की अमेरिकेत बैल कसले असतात. खिल्लारच असतील, असं सर्वानुमते ठरलं.

साहेब आले. आण्णासाहेबांनी आधीच बेत आखला होता. आमच्याकडं नवी गाडी शेडमधून निघाली की तिचा मालक आत बसतो, ती किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाते, आणि मालकानं वाटेत उतरायचं नसतं. उतरला तर गाडी लाभत नाही. तर साहेबांना त्या नऊतल्या एका कोऱ्या गाडीत बसवायचं, शेजारी मालक म्हणून आपण बसायचं, आणि बाजारातून वाजतगाजत न्यायचं. गाडी डौलात चालली की साहेब काय बोलणार?

बैल छावणीतून आणले. त्यांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. शिंगं रंगवली, गोंडे बांधले, पाठीवर झुली टाकल्या. झुलीखालचं काही दिसत नाही म्हणून आण्णासाहेब खूश.

मी ओवाळलं. गाडी हलली. एस.टी. स्टँडच्या थोडं अलीकडं जरा चढ आहे, परंड्यात त्याला कुणी चढ म्हणत नाही. तिथं डावीकडचा बैल थांबला, त्यानं एकदा मागं बघितलं आणि खाली बसला. उजवीकडचा आपला सोबत म्हणून बसला. शेपट्या पिळल्या, कासरे ओढले, त्यांच्या कानावरची माशी हलेना.

साहेबांनी उतरायला पाय बाहेर काढला. आण्णासाहेबांनी त्यांचा हात धरला.

"साहेब, उतरू नगा. वाटंत उतरलं की गाडी लाभत न्हाय."

साहेब भला माणूस. पाय आत घेऊन बसले. समोरून कुर्डूवाडीची एस.टी. आली आणि अडकली. उतारू खाली उतरून आमच्याभोवती उभे राहिले. स्टँडवरच्या हॉटेलातून साहेबांना गाडीतच चहा गेला. आण्णासाहेब पितळी फुलांची माहिती देत होते आणि घामानं त्यांची टोपी भिजली होती.

शेवटी गुंडाप्पानं बैल सोडले. सोसायटीचे सगळे कारागीर पुढं झाले आणि जुवाला खांदे लावले. गाडी कुरकुरत हलली. मी ताट घेऊन बाजूनं चालले होते, म्हणून मला वरचं बोलणं ऐकू आलं.

"आण्णासाहेब, तुमचा ठराव वाचला मी," साहेब म्हणाले. "ती अमेरिकेतली कंपनी कशी वाचली म्हणता?"

"सरकार मागं उभं ऱ्हायलं, साहेब."

"आणि पुढं कोण होतं?"

साहेबांनी अगदी सहज विचारलं होतं, पण आण्णासाहेबांनी पुढं बघितलं. पुढं गुंडाप्पा होता. अनवाणी, मान वाकलेली, गळ्याची शीर तट्ट फुगलेली. ज्याला मालक करतो म्हणून गावातून उठवून आणलं, तो खालच्या मानेनं चेअरमनला ओढत होता.

 आण्णासाहेब चाकावर पाय ठेवून खाली उतरले, पुढं गेले आणि गुंडाप्पाच्या शेजारी जुवाला खांदा लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडी ओढताना पहिल्यांदाच बघितलं. साहेबही मग गुपचूप उतरले.

"आण्णा, काय केलं वो हे?" गुंडाप्पा धापा टाकत म्हणाला. "गाडी लाभायची न्हाय आता."

"न्हाय लाभली तर ऱ्हाऊ दे," आण्णासाहेब म्हणाले. "छकड्याला तुला किती दिस लागत्याल?"

साहेबांनी कुलूप लावलं नाही. हमीही घेतली नाही, सरकारला अमेरिकेइतकं उधळं होता येत नाही म्हणाले. त्यांनी खटपट करून त्या नऊ गाड्या छावणीला घेववल्या, गव्हाणी म्हणून. तिथं कडबा जमिनीवर टाकत, अर्धा पायाखाली जाई. जू काढून गाड्या ओळीनं उभ्या केल्या आणि साटे कडब्यानं भरले. आलेल्या पैशात छकड्याचं लाकूड आलं.

आण्णासाहेब छावणीत जायला तयार नव्हते. मीच ओढून नेलं. ज्या बैलानं स्टँडजवळ बसकण मारली होती, तोच पितळी फुलांवरून मान आत घालून कडबा खात होता.  आण्णासाहेबांनी लांबच्या पेंढ्या त्याच्या तोंडाजवळ सरकवल्या आणि म्हणाले, "नीट खा." मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. बोलले नाही. डोक्यावर चढून बसतात.

पुढं त्या अमेरिकेतल्या कंपनीनंही छोट्या मोटारी काढल्याचं पेपरात आलं, तेव्हा हे म्हणाले, "आपलं बघून केलं त्यांनी." पण ते नंतरचं.

पहिला छकडा तयार झाला त्या दिवशी मी ताट घेऊन शेडपुढं उभी होते. पिवळाधमक, हलका, त्यावर एकही फूल नाही. रिवाजाप्रमाणं गुंडाप्पानं मालकाच्या जागेवर चेअरमनसाठी घोंगडी अंथरली. आण्णासाहेबांनी कासरा हातात घेतला आणि घोंगडीकडं बोट केलं.

"बस."

"म्या? म्या मिस्त्री, आण्णा. म्या कसा बसू?"

"बस म्हणतो न्हवं. आन् वाटंत उतरू नगंस."

गुंडाप्पा अंग चोरून बसला, जणू दुसऱ्याच्या घरात बसलाय. आण्णासाहेब बैलापुढं पायी चालायला लागले. तो चढ बैलानं न थांबता ओलांडला. स्टँडवर कुर्डूवाडीची एस.टी. उभी होती. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. मागचा तमाशा त्यानं बघितला होता, त्यामुळं तोंडभर हसत त्यानं विचारलं, "का वो आण्णासाहेब, आज गाडीत न्हाय बसला?"

आण्णासाहेब थांबले नाहीत.

"मालक बसलाय आत," ते म्हणाले, आणि बैलाला घेऊन किल्ल्याकडं वळले.